दुःखातून आशेकडे : ख्रिस्ती श्रद्धेचे स्वरूप आणि बौद्ध दृष्टी

दुःख आहे, हे पहिले आर्यसत्य भगवान बुद्धांनी सांगितले. त्या दुःखाचे काय करावयाचे, हा प्रश्न मात्र जगातील प्रत्येक धर्मापुढे उभा राहिला आणि प्रत्येकाने आपापल्या परीने त्याचे उत्तर दिले. ख्रिस्ती धर्माने दिलेले उत्तर 'आशा' या एका शब्दात सांगता येईल. त्या आशेचे स्वरूप कसे आहे, महाराष्ट्रातील एका थोर स्त्रीच्या जीवनात ती कशी फलद्रूप झाली आणि पालि तिपिटकाच्या अभ्यासकाला तिच्याकडे कसे पाहता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा विषय केवळ तौलनिक धर्मशास्त्राचा नाही. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या उपनगरांतील आपल्या वस्त्यांमध्ये बौद्ध आणि ख्रिस्ती कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहतात. घरातील कर्ता पुरुष अकाली जातो, तरुण मुलगा व्यसनाच्या आहारी जातो, आईला असाध्य रोग जडतो. अशा वेळी शेजारची ख्रिस्ती बाई येते, जवळ बसते, हात हाती घेऊन प्रार्थना करते. दुःखाने पिचलेली व्यक्ती पुढे तिच्याबरोबर प्रार्थनासभेला जाऊ लागते. यावर आपल्याकडे दोन प्रतिक्रिया उमटतात. काही जण उपहास करतात. काही जण पाहूनही न पाहिल्यासारखे करतात. दोन्ही प्रतिक्रिया अभ्यासशून्य आहेत. ज्या श्रद्धेने माणसाला धीर मिळतो ती आधी समजून घ्यावी आणि मग तिच्याशी आपला मतभेद कोठे आहे ते स्पष्ट सांगावे, हीच बुद्धिवादी रीत होय.

साष्टीची भूमी

मुंबईच्या उपनगरांना पूर्वी साष्टी म्हणत. या भूमीवर बौद्ध आणि ख्रिस्ती या दोन्ही परंपरांच्या खुणा शेजारी शेजारी आढळतात. बोरिवलीजवळ कान्हेरीची लेणी आहेत. तेथे इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांपासून अनेक शतके भिक्खुसंघ नांदत होता. अंधेरीला कोंडिविट्याची लेणी आहेत. लोक त्यांना महाकालीची लेणी म्हणतात. त्या लेण्यांना महाकालीचे नाव कसे चिकटले हा स्वतंत्र विषय आहे. परंतु त्याच महाकाली रस्त्यावर आज ख्रिस्ती भगिनींनी उभारलेले होली स्पिरिट रुग्णालय आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ख्रिस्ती धर्म साष्टीत आला. त्या काळातील धर्मप्रसार सर्वस्वी सौम्य नव्हता. बोरिवलीजवळील मंडपेश्वराचे शैव लेणे फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी ताब्यात घेऊन तेथे प्रार्थनामंदिर केले. त्या ठिकाणी कातळात कोरलेला क्रूस आजही दिसतो. राजसत्तेच्या आश्रयाने आलेला हा धर्म मात्र राजसत्ता गेल्यावरही टिकला. १७३९ साली वसई मराठ्यांनी घेतली, १७७४ साली साष्टी इंग्रजांच्या हाती गेली. तरी येथील कोळी, आगरी, कुणबी मूळ असलेले ख्रिस्ती लोक आपल्या श्रद्धेला धरून राहिले. १८८७ पासून ते स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवू लागले. त्यांची घरातली बोली मराठीच आहे.

या समाजाची श्रद्धा संकटांनी घडवलेली आहे, हे त्यांच्या वास्तूंवरून दिसते. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, म्हणजे सीप्झच्या आवारात, १५७९ सालच्या एका चर्चचे भग्नावशेष आहेत. १८४० च्या सुमारास साथीच्या रोगाने गाव ओसाड झाले आणि उरलेले लोक मरोळला जाऊन राहिले. तेथे त्यांनी नवे चर्च उभारले. पुढे १८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे घरे सोडून रानात पळत होती, प्रेतांना खांदा द्यायला कोणी उरत नव्हते. त्या वर्षांत वांद्र्यापासून साष्टीतील अनेक गावठाणांपर्यंत रस्त्याच्या तिठ्यावर, घरांच्या अंगणात क्रूस उभारले गेले. लोक त्यांच्यापाशी सायंकाळी जमून प्रार्थना करीत. त्यांतील कित्येक क्रूस अजून उभे आहेत. प्लेग त्या क्रुसांनी गेला नाही. तो गेला स्वच्छता, स्थलांतर आणि लसीमुळे. परंतु ज्यांच्या घरातली निम्मी माणसे गेली होती त्यांना दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागण्याचे बळ तेथे मिळाले, हेही नाकारता येणार नाही. रोग बरा करणे आणि रोगाने उद्ध्वस्त झालेल्या मनाला उभे करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या विवेचनात हा भेद पुढेही उपयोगी पडेल.

मराठी ख्रिस्ती समाजाचा दुसरा प्रवाह प्रॉटेस्टंट मिशनांमधून आला. अहमदनगर, जालना या भागांत एकोणिसाव्या शतकात जे लोक ख्रिस्ती झाले त्यांपैकी बहुसंख्य महार आणि मांग होते. नगर जिल्ह्यातून मुंबईत आलेली ही कुटुंबे आपल्याच भावकीतील आहेत. दुष्काळात धान्यासाठी ते ख्रिस्ती झाले, असे त्यांना हिणवले गेले. १९५६ नंतर आपल्यालाही 'सवलतींसाठी', 'राजकारणासाठी' धर्मांतर केल्याचे टोमणे ऐकावे लागले. वास्तविक धर्मांतरामुळे आपल्या लोकांच्या केंद्रीय सवलती १९९० पर्यंत गेल्या होत्या. दुःखितांच्या धर्मांतरामागे पोट सोडून दुसरे काही कारण असू शकते, हेच वरच्या वर्णांना कधी पटत नाही. निदान आपण तरी ही चूक करू नये.

ख्रिस्ती आशा म्हणजे काय?

ख्रिस्ती धर्मशास्त्रात श्रद्धा, आशा आणि प्रीती हे तीन सद्गुण एकत्र सांगितले जातात. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्यांचा एकत्र उल्लेख आहे. त्यांपैकी आशा म्हणजे 'सगळे चांगले होईल' असा भाबडा समज नव्हे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल एक मालिका मांडतो. क्लेशांतून सहनशीलता उपजते, सहनशीलतेतून कसोटीस उतरलेले शील उपजते आणि त्या शीलातून आशा उपजते. म्हणजे ही आशा दुःखाच्या आधीची नाही. ती दुःखातून गेल्यावर लाभणारी आहे.

दुसरे असे की, बायबल दुःखिताला रडू देते, भांडूही देते. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे ही देवाविरुद्धची तक्रार आहे. क्रुसावर प्राण सोडताना येशूने जो आक्रोश केला तो अशाच एका स्तोत्राचा आरंभ आहे. देवाने आपल्याला का टाकले, असा तो प्रश्न आहे. ज्याला देवाचा पुत्र मानले त्याच्याच तोंडी हा प्रश्न यावा, यात ख्रिस्ती मनाच्या दिलाशाचे मर्म आहे. आपण पूजतो तो देखील अपमान, छळ आणि एकाकी मरण भोगून गेला; म्हणून तो आपले दुःख जाणतो, ही त्या भक्ताची भावना असते. क्रुसानंतर पुनरुत्थान येते. मरण हा शेवटचा शब्द नव्हे, हा त्यांच्या आशेचा पाया आहे.

तिसरी गोष्ट आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. ईयोब नावाच्या सज्जन माणसाची कथा जुन्या करारात आहे. त्याची मुले, संपत्ती, आरोग्य सर्व जाते. मित्र भेटायला येतात, सात दिवस त्याच्याजवळ निःशब्द बसतात. पण नंतर बोलू लागतात आणि 'तुझ्या हातून पाप घडले असलेच पाहिजे' असे त्याला पटवू लागतात. ग्रंथाच्या शेवटी दोष त्या मित्रांनाच दिला जातो. योहानाच्या शुभवर्तमानातही एका जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात की, पाप याने केले की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. दुःख ही शिक्षाच असते, ही कल्पना येथे खोडून काढलेली आहे.

पालि वाङ्मयात याच प्रश्नाला तितकेच नि:संदिग्ध उत्तर आहे. संयुत्त निकायात मोळियसीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो की, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वकर्माचेच फळ आहे, असे काही श्रमणब्राह्मण म्हणतात, ते खरे काय? बुद्ध सांगतात की, असे म्हणणारे प्रत्यक्ष अनुभवाला ओलांडून जातात. पित्त, कफ, वात, या तिघांचा संनिपात, ऋतुपालट, विषम वागणूक आणि दुसऱ्याने केलेला आघात, यांमुळेही वेदना उत्पन्न होतात; कर्मविपाक हे त्या आठ कारणांतील केवळ एक आहे. 'आघाताने उत्पन्न होणारे दुःख' हा या यादीतील शब्द आपण विसरू नये. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्यांच्या आईबापांना पूर्वजन्मीच्या कर्माची गोष्ट सांगणे हे बुद्धवचनाच्या विरुद्ध आहे. ते दुःख आघाताचे होते आणि आघात करणारे हात माणसांचे होते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण

ख्रिस्ती आशेचा महाराष्ट्रातील सर्वांत बोलका दाखला म्हणजे पंडिता रमाबाई सरस्वती. त्यांचा जन्म १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले, हा त्या काळी अपराध होता. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत असे. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात त्यांची अन्नान्नदशा झाली. जवळ होते ते सर्व दानधर्मात आणि देवदेवतांच्या अनुष्ठानात वेचले गेले. कोणताही देव धावून आला नाही. प्रथम वडील गेले, थोड्याच काळाने आई गेली, नंतर मोठी बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. तेथे विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्यांनी गौरवले. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पतीला पटकीने गाठले. चोविसावे वर्ष पुरे होण्याआधी आईबाप, बहीण, भाऊ आणि पती गमावून रमाबाई एका तान्ह्या मुलीसह उरल्या.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलम येथे पतित स्त्रियांसाठी चालवलेले आपले सेवागृह दाखवले. धर्मशास्त्रांत स्त्री आणि शूद्र यांच्याविषयी काय लिहिले आहे ते रमाबाईंना पाठ होते. पतितेला तर तेथे कुत्र्याहून हीन गती होती. येथे मात्र त्याच स्त्रियांची प्रेमाने शुश्रूषा होत असलेली त्यांनी पाहिली. हे तुम्ही कशासाठी करता, असे त्यांनी विचारले तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रातील उच्चवर्णीयांनी त्यांच्यावर आग पाखडली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ साली 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. ज्या धर्माने स्त्रीशूद्रांना पशूहून हीन लेखले तो धर्म शिकलेल्या स्त्रीने सोडला तर दोष कोणाचा, हा जोतीरावांचा रोख होता. तथागत, कबीर आणि जोतीराव यांना बाबासाहेबांनी गुरुस्थानी मानले. त्यांपैकी एका गुरूने रमाबाईंच्या धर्मांतराचे समर्थन केलेले आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे.

रमाबाईंची श्रद्धा मान तुकवणारी नव्हती. इंग्लंडमधील धर्मगुरूंशी त्या त्रैक्याच्या सिद्धान्तावरून वाद घालीत राहिल्या. एका पुरोहितशाहीचे जू मानेवरून उतरवल्यावर दुसरे चढवून घेणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. आरंभी ते उच्चवर्णीय विधवांसाठी होते आणि तेथे जातीचे नियम पाळण्याची मुभा होती, ही त्याची मर्यादाही नमूद केली पाहिजे. ती मर्यादा दुष्काळाने मोडली. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. स्वतः लहानपणी जे भोगले होते तेच त्यांना हजारो मुलींच्या चेहऱ्यांवर दिसले. सर्व जातींच्या अनाथ मुली आणि विधवा घेऊन त्या पुण्याजवळ केडगावला आल्या. 'मुक्ती' सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथे सुमारे दोन हजार स्त्रिया व मुले होती. त्या शेती करीत, विणकाम करीत, छापखाना चालवीत. पुण्यातील प्लेगच्या इस्पितळात स्त्रियांची कशी हेळसांड होते, हे १८९७ साली वृत्तपत्रातून सरकारला सुनावण्याचे धैर्यही रमाबाईंनी दाखवले. त्याच वर्षी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला होता.

अखेरच्या वर्षांत त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ साली वारली. रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही; ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. जिला आशा म्हणतात ती वस्तू येथे प्रत्यक्ष दिसते. दुःख टळावे म्हणून ही श्रद्धा नव्हती, कारण दुःख शेवटपर्यंत टळले नाही. दुःखाने माणूस कडवट किंवा निकामी होऊ नये, एवढे तिने साधले.

पाणी मागणारे दोघे

ज्या कथेने रमाबाईंचे मन वळले ती कथा बौद्ध वाचकाला ओळखीची वाटेल. यहुदी लोक शोमरोनी लोकांना विटाळ मानीत. थकलेला येशू विहिरीवर बसतो आणि पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीजवळ पाणी मागतो. यहुदी असून माझ्याजवळ पाणी कसे मागता, असे ती आश्चर्याने विचारते. आपल्याकडे आनंद भिक्खू आणि प्रकृती यांची कथा अशीच आहे. प्रकृती म्हणते, मी मातंगकन्या आहे. आनंद सांगतो, भगिनी, मी तुझी जात विचारली नाही, पाणी मागितले. ही कथा पालि तिपिटकात नसून 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध ग्रंथातील शार्दूलकर्णावदानात आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात तिला स्थान दिले.

दोन्ही कथांत श्रेष्ठ मानलेला पुरुष हीन मानलेल्या स्त्रीपुढे ओंजळ करतो. जिच्या हातचे पाणी चालत नाही असे जगाने ठरवले आहे तिच्याजवळच पाणी मागणे, यात तिच्या माणूसपणाची मान्यता आहे. हीन ठरवलेल्याच्या मनात आशा उत्पन्न होते ती अशा मान्यतेने. चवदार तळ्याचा इतिहास ज्यांच्या रक्तात आहे त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

'निरासो', 'आसंसो', 'विगतासो'

पालि भाषेत 'आसा' हा शब्द बहुधा तृष्णेच्या अर्थच्छटेने येतो आणि अर्हताला 'निरास' म्हणणे ही त्याची स्तुती असते. यावरून बौद्ध धर्म निराशावादी आहे, असा आक्षेप पाश्चात्त्य ख्रिस्ती पंडितांनी घेतला. तो शब्दाच्या एकाच अर्थावर विसंबून घेतलेला आक्षेप आहे. अंगुत्तर निकायाच्या तिक निपातात तीन प्रकारची माणसे सांगितली आहेत : 'निरासो', 'आसंसो' आणि 'विगतासो'. चांडाळ, वेण, निषाद, रथकार, पुक्कुस अशा हीन मानलेल्या कुळात जन्मलेला दरिद्री माणूस एखाद्या राजपुत्राचा अभिषेक झाल्याचे ऐकतो. पण 'माझा अभिषेक कधी होईल?' हा विचारही त्याच्या मनाला शिवत नाही. तो 'निरासो'. राजाचा ज्येष्ठ पुत्र तीच वार्ता ऐकतो आणि त्याच्या मनात तो विचार येतो; तो 'आसंसो'. अभिषेक झालेल्या राजाची आशा पुरी होऊन शांत झालेली असते, तो 'विगतासो'.

पुढे हा दृष्टांत संघाला लावला आहे. दुःशील माणूस विमुक्तीची आशाच करीत नाही, शीलवान करतो, अर्हताची आशा पूर्ण होऊन निमालेली असते. म्हणजे आशा ही धम्ममार्गावरील एक पायरी आहे. ती ओलांडायची असते, पण तिच्यावर चढल्याशिवाय ओलांडता येत नाही. या सुत्तातला पहिला माणूस कोण, हेही पाहावे. आशा करण्याचा विचारही ज्याच्या मनात येत नाही असा माणूस समाजव्यवस्थेने कसा घडवला, याचे ते अडीच हजार वर्षांपूर्वीचे चित्र आहे. त्या 'निरासो' माणसाला 'आसंसो' करणे, हेच बाबासाहेबांचे जीवितकार्य होते.

दुःखातून श्रद्धा कशी उपजते, हेही पालि वाङ्मयात सांगितलेले आहे. संयुत्त निकायातील उपनिसा सुत्तात प्रतीत्यसमुत्पादाची परिचित मालिका दुःखापाशी येऊन थांबत नाही. दुःख हे श्रद्धेचे निकट कारण होते. श्रद्धेतून प्रमोद, त्यातून प्रीती, प्रशांती, सुख, समाधी, यथाभूत ज्ञानदर्शन, निर्वेद, विराग आणि अखेर विमुक्ती अशी चढती मालिका तेथे आहे. पौलाची मालिका आणि ही मालिका शेजारी ठेवली की साम्य आणि भेद दोन्ही दिसतात. दोन्हीकडे दुःख हे आरंभस्थान आहे, दोन्हीकडे ते वाया जात नाही. पौलाची मालिका देवाच्या अभिवचनावरील भरवशाशी संपते. बुद्धांची मालिका सत्य जसे आहे तसे पाहण्यातून जाते आणि मुक्तीशी संपते.

किसा गोतमी आणि पटाचारा

हा भेद दोन थेरींच्या कथांत अधिक स्पष्ट होतो. मेलेले मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणाऱ्या किसा गोतमीला बुद्धांनी, ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरातून मोहरी आणायला सांगितले. मूल परत येईल असे वचन त्यांनी दिले नाही, परलोकात भेटेल असेही सांगितले नाही. त्यांनी तिला घरोघर पाठवले. प्रत्येक घरात तिला आपलेच दुःख भेटले. तिचे समाधान आकाशातून आले नाही; ते सावत्थीच्या गल्ल्यांतून, इतरांच्या उंबरठ्यांवरून आले.

पटाचारेचा पती सर्पदंशाने गेला, तान्हे मूल ससाण्याने नेले, मोठे मूल नदीत वाहून गेले, आईबाप आणि भाऊ घर कोसळून मेले. ती विवस्त्र, वेडी होऊन फिरू लागली. लोक तिला हाकलत असता बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले आणि 'भगिनी, स्मृती जागृत कर' असे सांगितले. हीच पटाचारा पुढे शोकाकुल स्त्रियांचा आधार झाली. तिच्या उपदेशाने शोक निवलेल्या पाचशे स्त्रियांच्या गाथा थेरीगाथेत आहेत. रमाबाई आणि पटाचारा यांच्या जीवनातील हे साम्य दुर्लक्षिता येत नाही. सर्वस्व गमावलेली स्त्री सर्वस्व गमावलेल्यांची आई झाली. धर्म भिन्न, काळ भिन्न, परंतु दुःखावर मात केल्याची खूण एकच.

मतभेद कोठे आहे, तेही सांगितले पाहिजे. सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत आहे. शरीराला लागणारा पहिला बाण सर्वांनाच लागतो. त्यावर शोक आणि संताप करून अज्ञ माणूस स्वतःला दुसरा बाण लावून घेतो. ख्रिस्ती भक्त दुसऱ्या बाणाची वेदना देवाच्या हाती सोपवतो. बौद्ध साधक तो बाण कोठून आला हे पाहून तो स्वतःच्या हाताने काढतो. येशू त्याच्या अनुयायांना तारणारा आहे. बुद्ध मार्ग दाखवणारे आहेत. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील आपल्या लेखात बाबासाहेबांनी हाच भेद, बुद्ध हे मोक्षदाते नव्हेत तर मार्गदाते आहेत, या शब्दांत मांडला.

बाबासाहेब आणि ख्रिस्ती श्रद्धा

१९ जुलै १९२६ रोजी बाबासाहेबांचा धाकटा मुलगा राजरत्न वारला. त्यापूर्वी तीन अपत्ये गेली होती. ऑगस्ट महिन्यात दत्तोबा पवार यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपला शोक लपवला नाही. आपण आणि रमाई या आघातातून सावरलो आहोत असे सांगण्यात अर्थ नाही, असे ते लिहितात. त्या पत्रात त्यांना बायबलमधील मिठाचा दृष्टांत आठवतो. पृथ्वीचे मीठच गेले तर तिला खारटपणा कशाने आणावा, या वचनाची सत्यता आपल्या रिकाम्या आयुष्यात जाणवते, असा त्या मजकुराचा आशय आहे. ज्यांचे वाचन अफाट होते त्या बाबासाहेबांना सर्वांत खोल दुःखाच्या क्षणी येशूचे वचन आठवले. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना, बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तिमत्त्वांनी आपल्या मनाची पकड घेतली आहे, असे त्यांनी सांगितले होते.

तरीही त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही. 'धर्मांतरिताची स्थिती' या त्यांच्या निबंधात त्याची कारणे सापडतात. माणसाच्या अधःपतनाचे कारण त्याचे पाप आहे असे शिकवले की अन्याय्य परिस्थिती बदलण्याची प्रेरणा मावळते, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. धर्मांतरानंतरही ख्रिस्ती समाजात जात टिकून राहिली आणि अस्पृश्य ख्रिस्त्यांनी तिच्याविरुद्ध संघटित आवाज उठवला नाही, हे त्यांनी परखडपणे दाखवले. १९५० च्या अनुसूचित जातींविषयीच्या आदेशात १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. दलित ख्रिस्ती बाहेरच राहिले. या प्रश्नावर आपण त्यांच्या बाजूने उभे राहणे हे मैत्रीचे कर्तव्य होय.

बाबासाहेबांच्या दृष्टीने आशा ही केवळ सांत्वना नव्हती. राजरत्नच्या मृत्यूनंतर अवघ्या आठ महिन्यांनी, २० मार्च १९२७ रोजी, ते महाडच्या तळ्यावर उभे होते. स्वतःच्या घरातील दुःख घेऊनच ते समाजाच्या दुःखावर उपाय शोधायला निघाले होते.

आपले कर्तव्य

ख्रिस्ती आशेचा सिद्धान्त आपल्याला मान्य नसेल. परंतु तिची कार्यपद्धती आपण पाहिली पाहिजे. ती ग्रंथातून घरात येते. कोणीतरी उठून दुःखिताच्या दारी जाते. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की, आजाऱ्याला जे भेटायला गेले ते मलाच भेटले. विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच मलमूत्रात लोळणाऱ्या भिक्खूला बुद्धांनी आनंदाबरोबर स्वतःच्या हाताने न्हाऊ घातले आणि संघाला सांगितले की, ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी. दोन्ही वचने जवळजवळ एकच आहेत. प्रश्न एवढाच आहे की, ती कोण पाळतो.

आपल्या विहारांत वंदना होते, जयंती होते, वर्षावासात ग्रंथवाचन होते. कोणाच्या घरी मृत्यू झाला तर बौद्धाचार्य विधी करून जातात आणि पुण्यानुमोदनाच्या दिवशी भाषणे होतात. त्यानंतरच्या लांबलचक दिवसांत त्या घरी कोण जाते? विधवेजवळ मुकाट्याने बसायला, व्यसनी मुलाच्या आईचे रडणे ऐकायला, रुग्णालयातील रात्रीची पाळी घ्यायला प्रत्येक विहाराने चार उपासक आणि चार उपासिका ठरवाव्यात. त्यांनी किसा गोतमीची कथा सांगावीच असे नाही. मोहरी मागत फिरणाऱ्या बाईला सावत्थीतील ज्या घरांनी दार उघडले, त्या घरांसारखे होणे पुरेसे आहे.

ज्या माणसाच्या मनात 'माझे कधी भले होईल?' हा विचारही येत नाही त्याच्या दारी धम्म स्वतः चालत गेला पाहिजे. तसे झाले म्हणजे शेजारणीच्या प्रार्थनेचा हेवा किंवा उपहास करण्याचे कारण आपल्याला उरणार नाही. एकाच दुःखी घराच्या उंबरठ्यावर ती आणि आपण मैत्रीने भेटू.